दान आणि देणे

न्याय आणि प्रीती ही ख्रिस्ती जीवनाची दोन अंगे आहेत, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून शिकत आलो आहोत. परंतु या दोहोंत आधी काय, असे कोणी विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘प्रीती’ असेच येईल. प्रीती श्रेष्ठ आहे यात शंका नाही. मात्र जे श्रेष्ठ असते ते नेहमी आधी येतेच असे नाही. घराचा कळस श्रेष्ठ असला तरी बांधकाम पायापासूनच सुरू करावे लागते. हा विचार आमच्या मनात पुन्हा जागा झाला तो एका दूरदेशीच्या घटनेमुळे.

२०२३ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस गायिका टेलर स्विफ्ट यांचा ‘इराज’ नावाचा संगीतदौरा अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सांता क्लारा या शहरी आला होता. अमेरिकेतील त्या वर्षीचे कार्यक्रम संपत आले होते. त्या वेळी दौऱ्याचे सामान गावोगावी वाहून नेणाऱ्या जवळपास ५० ट्रकचालकांना गायिकेतर्फे प्रत्येकी एक लाख डॉलर देण्यात आले. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे ८२ लाख रुपये होते. सोबत हाताने लिहिलेले पत्रही होते. अशा मोठ्या दौऱ्याच्या शेवटी चालकाला पाच ते दहा हजार डॉलर मिळाले तरी ती चांगली बक्षिसी समजली जाते, असे त्या व्यवसायातील माणसाने वृत्तपत्रांना सांगितले. त्यावरून या देणगीचे मोल कळावे.

आमच्या धर्मग्रामातील तरुण मुले हीच गाणी ऐकतात. त्यांनी ही बातमी मोठ्या कौतुकाने आम्हांला सांगितली व म्हटले, “फादर, याला म्हणतात औदार्य!” आम्हीही मान डोलावली. जिच्या नावाने लाखो लोक जमतात, तिने अंधारात काम करणाऱ्यांची आठवण ठेवावी, ही खरोखर थोर गोष्ट आहे. तरीही रात्री प्रार्थनेस बसलो असता एक प्रश्न पाठ सोडीना. ही रक्कम त्या चालकांना दान म्हणून मिळाली की त्यातला काही भाग त्यांचे देणेच होते?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या चालकाचे काम काय असते ते पाहू. शेवटचे गीत संपते, दिवे लागतात आणि श्रोते घरी जातात. त्यानंतर रंगमंच उतरवला जातो. दिव्यांचे सांगाडे, ध्वनिक्षेपक, पडदे, पोशाखांच्या पेट्या ठरलेल्या क्रमाने ट्रकांत चढतात. मध्यरात्र उलटून गेल्यावर चालकाचा दिवस सुरू होतो. सिअ‍ॅटलहून सांता क्लाराला यायचे तर तेराशे किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सलग दहा तास विश्रांती घेतल्यावरच चालकाला पुढे जास्तीत जास्त अकरा तास गाडी हाकता येते, आणि २०१७ च्या अखेरीपासून बहुतेक ट्रकांत त्याची नोंद यंत्रच ठेवते. त्यामुळे लांबच्या टप्प्यावर वाटेत थांबावे लागते किंवा दोन चालक लागतात. सामान मुक्कामी पोचवून तो बैठकीमागच्या अरुंद बिछान्यावर दिवसा झोपतो. ज्या गीतासाठी हजारो लोक जागतात, ते गीत चालू असताना सामान आणणारा मनुष्य पुष्कळदा झोपलेला असतो. असे आठवड्यांमागून आठवडे जातात. मुलाचा वाढदिवस, आईचे आजारपण, रविवारची उपासना, सारे मागे राहते.

आता मोबदल्याकडे वळू. साध्या मालवाहतुकीत अमेरिकेतील पुष्कळ चालकांना मैलाच्या हिशेबाने पैसे मिळतात. चाक फिरले तर कमाई, गोदामापाशी खोळंबले तर अनेकदा काहीच नाही. संगीताच्या दौऱ्यांत बहुधा दिवसाचा किंवा आठवड्याचा आकडा ठरतो. ती त्यातल्या त्यात बरी रीत. मात्र १९३८ च्या अमेरिकी श्रम कायद्याने आठवड्याला ४० तासांपलीकडच्या कामाला जो दीडपट मोबदला दिला, त्या तरतुदीतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या जड वाहनांच्या चालकांना सर्वसाधारणपणे वगळलेले आहे. शिवाय कित्येक जण नोकर म्हणून नव्हे, तर कंत्राटाने काम करतात. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे जगभरचे दौरे एका आठवड्यात बंद पडले, तेव्हा अशा माणसांच्या हाती काय राहिले असेल याचा विचार करावा. सुखाच्या दिवसांत बक्षीस मिळू शकते, परंतु संकटाच्या दिवसांत कामगाराला आधार असतो तो हक्काचाच.

ख्रिस्तसभेने हा भेद फार पूर्वी ओळखला. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात असे प्रतिपादन केले, की मालक व मजूर यांनी राजीखुशीने मजुरी ठरवली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. त्या कराराच्याही वर निसर्गाचा न्याय आहे, आणि मजुराचा नेटका निर्वाह व्हावा ही त्याची किमान मागणी आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात सांगितले, की आधी न्यायाच्या मागण्या पुऱ्या कराव्यात, म्हणजे जे न्यायाने देणे लागतो तेच दान म्हणून पुढे केले जाणार नाही. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. देणे बुडवून दान करणारा मनुष्य दोनदा चूक करतो. तो दुसऱ्याचा हक्क घेतो, आणि वर त्याच्याकडून आभारही घेतो.

येथे कोणी द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडे बोट दाखवील. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या मालकाने शेवटी आलेल्यांनाही पूर्ण दिनार दिला, तेव्हा औदार्याला हिशेब कसला विचारता? परंतु दाखला नीट वाचावा. ज्यांनी दिवसभर ऊन सोसले त्यांचा ठरलेला दिनार त्या मालकाने एका पैशानेही कापला नाही. सायंकाळ होताच सर्वांची मजुरी चुकती केली. न्यायाची बाजू पुरी झाल्यावरच त्याचे औदार्य सुरू होते. दुसरे असे की शेवटी आलेल्यांनाही घरी खाणारी तोंडे होतीच. तासाभराच्या मजुरीत त्यांचे भागले नसते. म्हणजे मालकाने त्यांच्या कामाइतकाच त्यांच्या गरजेचाही विचार केला.

या गायिकेने कोणाची मजुरी बुडवली असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही, आणि त्यांची उदारता निर्मळ मनाने स्वीकारली पाहिजे. त्यांनी एका चांगल्या दात्याचा धडाच घालून दिला. आमचा प्रश्न त्यांच्यासाठी नाही. एका गायिकेच्या मनात आले म्हणून ५० घरांत दिवा लागला; परंतु जिच्या मनात येत नाही अशा कलावंतांच्या चालकांचे काय? ज्यांची तिकिटे कमी खपतात त्यांच्या चालकांची रात्र काही लहान नसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’ या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी कल्पना मांडली. हाती पगार देणारा तेवढाच मालक नव्हे; कामाच्या अटी ज्यांच्यामुळे घडतात ते शासन, संस्था व व्यवस्था यांच्यावरही जबाबदारी येते. ही कल्पना थोडी पुढे नेली तर तिकीट काढून टाळ्या वाजवणारा श्रोताही तिच्या बाहेर राहत नाही असे आम्हांला वाटते.

आणि आपणही बाहेर राहत नाही. एक कबुली देणे येथे भाग आहे. पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे सणाच्या रात्री वाद्यवृंद बोलावला होता. त्यांचे सामान एका टेम्पोतून आले. भाडे ठरले होते ते येण्याजाण्याचे. कार्यक्रम लांबला, आणि चालक सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंत गाडीजवळ बसून राहिला. निघताना त्याने खोळंब्याचे काही पैसे मागितले. समितीतील एका सज्जनाने हसत त्याच्या हाती केकचे पुडके दिले आणि म्हटले, “घ्या, मुलांना न्या.” तो काही न बोलता गेला. आम्ही जवळच उभे होतो, आणि आम्हांला तेव्हा ती मोठी मायेची गोष्ट वाटली. आज वाटते, त्या मनुष्याला केक नको होता असे नाही. त्याला आधी त्याचे पैसे हवे होते.

आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, वाडीत राबणारा मजूर, चर्चमध्ये घंटा वाजवणारा सेवक, यांना आपण नाताळात कपडे व फराळ देतो. अवश्य द्यावा. परंतु त्याच बाईची आजारपणातील रजा आपण पगारातून कापली असेल, तर तो फराळ प्रभूच्या वेदीपुढे कोणत्या नावाने ठेवायचा? राबणाऱ्याची मजुरी रात्रभर आपल्यापाशी राहू नये, अशी आज्ञा जुन्या करारात आहे. अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असे संत याकोब बजावतात.

लवकरच धर्मग्रामाच्या सणाची तयारी सुरू होईल. समितीच्या पहिल्या सभेत मंडप आणि रोषणाईच्या खर्चाबरोबर आणखी एक ओळ लिहावी, अशी आमची नम्र विनंती आहे: सामान आणणाऱ्या चालकाचे भाडे, त्याच्या खोळंब्याचे तास आणि त्याचे जेवण. ती रक्कम सणाआधी ठरावी व त्याच रात्री चुकती व्हावी. त्यानंतर केकचे पुडकेही जरूर द्यावे. मग ते घेताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही, आणि देताना आपल्यालाही नाही.