चान्या, येसूर आणि आपलं सोडणं



यंदा वस्तीत जयंतीच्या तयारीची बैठक झाली. एका पोरानं सूचना मांडली : पुस्तकांच्या शेजारी आपल्या खाण्याचा एक स्टॉल लावू. चान्या, रक्ती, वजडी, येसराची आमटी. आपण काय खाऊन जगलो ते कळू दे लोकांना. एक जुने कार्यकर्ते ताडकन उठले. "बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं ते तुम्ही विकायला मांडता? लाज वाटत नाही?" पोरगं म्हणालं, "लाजच तर सोडायचीय, काका." मग आवाज चढले, बैठक मोडली. मी दोघांच्या मधे बसलो होतो आणि गप्प होतो. का गप्प होतो, ते लिहायला बसलोय.

बाबासाहेबांनी नेमकं काय सोडायला सांगितलं? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी सांगितलं ते मेलेल्या जनावराच्या मांसाबद्दल आणि मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांबद्दल. गावात ढोर मेलं की ते ओढायचं कुणी, तर आपण. त्याबद्दल गाव पैसा देत नव्हतं. ओढणाऱ्याची मजुरी म्हणजे तेच मांस. म्हणजे कामाची सक्ती त्या घासातच कालवलेली होती. घास सोडल्याशिवाय काम सुटत नव्हतं. म्हणून त्या सोडण्याला मी पथ्य म्हणत नाही, संप म्हणतो. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बोलताना बाबासाहेबांनी 'केसरी'तल्या हिशेबाचा समाचार घेतला होता. ढोरं ओढणं सोडल्यानं महारांचं कातडं-शिंगं-हाडांचं किती रुपयांचं नुकसान होतं, असा तो हिशेब. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या की, हा त्यांचा जबाब. आणि त्याच भाषणात त्यांनी इज्जतीनं खाल्लेल्या चटणी-भाकरीची बाजू घेतली.

इथवर माझा काकांशी वाद नाही. पुढं आहे.

माझ्या लहानपणी आमच्या घरात मेलेल्याचं येत नव्हतं. आज्यानं ते कधीच सोडलं होतं. पण चान्या होत्या. बाजारच्या दिवशी खाटकाकडून आणलेल्या मोठ्याच्या मटणाच्या. पैसे मोजून आणलेल्या. आई मांसाच्या लांब लांब पट्ट्या कापायची, मीठ चोळायची आणि अंगणात दोरीवर वाळत घालायची. राखणीला आम्ही पोरं. एका हातात काठी, एक डोळा कावळ्यावर आणि एक घारीवर. वाळून कडक झाल्या की गाडग्यात जायच्या. पावसाळ्यात काम नसलं, घरात कालवणाला काही नसलं, की दोन-तीन चान्या निखाऱ्यावर पडायच्या. तो वास अजून नाकात आहे. लिहिताना तोंडाला पाणी सुटलं, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

आणि येसूर. बाजरी, ज्वारी, मूठभर हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने-मिरच्या भाजायच्या, असलाच तर खोबऱ्याचा तुकडा, आणि सगळं दळून ठेवायचं. आमटीला उकळी आली की हे पीठ पाण्यात कालवून वरून सोडायचं. आमटी दाट होते. पावशेर मटणात दहा माणसं जेवतात, कारण मटणाचं काम येसूर करतं. आज लोक याला चव म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यातल्या त्या घरात ती अक्कल होती. बहात्तरच्या दुष्काळात रेशनचा लाल मिलो आला. त्याच्या भाकरीला ना वास ना चिकटा, काटवटीत थापतानाच चिरायची. आई त्यात गरम पाणी घालून उकड काढायची आणि भाकरी जमवायची. खडी फोडायच्या कामावरून सुकडी मिळायची ती आमच्या हातात द्यायची. खुरपायला गेली तर पदरात तांदुळजा, घोळ, कुर्डू, जे उगवलं असेल ते. या बाईला मी गुलाम म्हणू? ज्या गावानं तिला उपाशी ठेवलं त्याला मी काय म्हणायचं ते म्हणेन. पण तिच्या हातात जे होतं ते तिला गावानं दिलेलं नव्हतं.

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' निघालं. वाटी-चमच्याचं माप देणारं पुस्तक. घराघरात गेलं. आमच्याकडं माप होतं ते तोंडांचं. आज तोंडं किती? पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी. आपल्या स्वयंपाकाचं पुस्तक यायला २०१५ उजाडलं : शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. नावातच त्यांनी पूर्णब्रह्माची भूल उतरवली. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. जाऊ दे, गेलंच पाहिजे. मला भीती वेगळी आहे. आपल्या भाकरीचं कौतुक व्हायला लागलं की उपासाचा विसर पडतो. शहरातला हौशी माणूस चान्या चाखून 'वा' म्हणेल आणि निघून जाईल. त्याच्या ताटात फक्त चव येईल. आई सगळ्यांच्या मागून जेवायची ते येणार नाही. तिच्या वाट्याला गाडग्याच्या तळाचं पाणी यायचं. बेबी कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीची भूक लिहून ठेवलीय, ती वाचा आणि मग पाककृती लिहा. आणि तिला उपाशी ठेवण्यात एकटं गाव नव्हतं. वडील होते. मी होतो. आम्ही आधी जेवायचो.

आता माझ्या गप्प बसण्याचं.

मला नोकरी लागली. साहेबांच्या कॉलनीत भाड्यानं खोली घेतली. डबा खाताना कुणी विचारलं की मी सांगायचो, आम्ही नाही खात. हळूहळू खरंच खाईनासा झालो. आई पहिल्यांदा राहायला आली ती गाडगंभर चान्या घेऊन. पोराला आवडतात म्हणून. स्टो पेटवायला निघाली तर मी म्हटलं, "आई, इथं नको भाजू. शेजारी वास जातो." ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं बाबा." गाडगं तिनं पिशवीत परत बांधलं. आठ दिवस राहिली, आठ दिवस चटणी-भाकरी खाल्ली आणि गेली. पुन्हा राहायला आली नाही.

तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी बाबासाहेबांचं नाव सांगितलं असतं. महाड सांगितलं असतं. दोस्तांनो, ते खोटं झालं असतं. आज्यानं सोडलं ते गावाच्या तोंडावर सोडलं. मी सोडलं ते शेजाऱ्याच्या नाकाला भिऊन. दोघांच्या ताटात एकच गोष्ट नव्हती, म्हणून दोघांचं सोडणं एक होत नाही. काकांनी बैठकीत लाज काढली, तेव्हा मला ही लाज आठवली. आणि पोरगं लाज सोड म्हणालं, तेव्हाही हीच. कुणाच्या बाजूनं हात वर करणार?

तिसरं एक आहे. राज्यात गाईच्या कत्तलीला बंदी १९७६ च्या कायद्यानं होतीच. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता. तेवढं कलम २०१६ मध्ये हायकोर्टानं रद्द केलं. म्हणजे माझ्या आईच्या गाडग्यातल्या चान्या आज महाराष्ट्रात करायच्या तर म्हशी-रेड्याच्याच. जे आपण आपल्या मर्जीनं ठेवायचं की टाकायचं, ते आता दुसरा ठरवतो. काकांना मी हे विचारलं. म्हटलं, सरकारनं हिसकावलं तर ते आपण सोडलं असं म्हणायचं का? काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. पण म्हणून मेलेल्याचं गोड करून सांगू नका." मला ते पटलं.

स्टॉल लागणार आहे. चान्या बकऱ्याच्या. काकांच्या सांगण्यावरून एक पाटी लागेल : मेलेलं का सोडलं. ती तेच लिहिणार आहेत. येसराचं माझ्याकडं आलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, माप कुणाला माहीत? गावी थोरल्या बहिणीला फोन केला. आक्का हसली. "माप कशाचं रं? वासावर कळतं." मग म्हणाली, येते मी, करून देते. पण एक अट. भाजणं, पाट्यावर वाटणं पोरांनी करायचं, पोरींनी नाही. आणि पहिलं ताट तिचं.

पोरं हो म्हणालीत. पाटा शोधतायत.