गढूळ नव्हे, जड

गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की बॉनेटवर आणि काचांवर पांढुरके गोल ठिपके उमटतात. ते चिखलाचे नसतात. चिखल धुण्यातच निघून गेलेला असतो. ठिपके असतात ते धुणाऱ्या पाण्याचे. पाणी हवेत उडून जाते आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पत्र्यावर राहतात. मळ काढायला आणलेले पाणीच मळ मागे ठेवते. भारतीय तत्त्वचिंतनात शौचाच्या अनुषंगाने आलेला एक जुना प्रश्न इथे अंगणात उभा राहतो: शुद्ध करणारे साधन काम झाल्यावर जाते कुठे?

वर्धा जिल्ह्यात हा डाग हमखास भेटतो, कारण जिल्ह्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. पावसाचे पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते आणि खडकातली खनिजे विरघळवत विहिरीत, बोअरमध्ये साठते. लोक त्याला जड पाणी म्हणतात. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि मे महिन्यात कूलरच्या ताट्या पांढऱ्या पडतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार धरले तरी १५ लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम होतात. थेंब कडेने आधी सुकतो, आतले पाणी कडेकडे ओढले जाते आणि क्षार तिथेच साचतात. म्हणून डाग पुष्कळदा कड्यासारखा दिसतो.

गढूळ पाणी आणि जड पाणी यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, जडपणा दिसत नाही. गढूळ पाण्यासाठी निवळीची बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासण्याची रीत फार जुनी. संस्कृतात निवळीला कतक म्हणतात. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या 'आत्मबोध' या प्रकरणग्रंथात ज्ञानाला कतकाची उपमा दिली आहे: जीवाचे अज्ञान धुऊन ज्ञान स्वतःही नाहीसे होते, जसे पाणी निवळवून कतकाची पूड. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातही हेच फळ येते, पण तिथला मुद्दा निराळा: कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. काटेकोरपणे पाहिले तर कतकाची पूड नाहीशी होत नाही. गाळाला धरून तीही तळाशी बसते. उपमेने हे नजरेआड केले असले तरी तिचा आशय बिघडत नाही, कारण वरचे पाणी दोघांपासून मोकळे होते. अडचण आहे ती दुसरीकडे. निवळीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. काचेसारखे नितळ पाणीसुद्धा डागाचे सगळे साहित्य पोटात घेऊन असते आणि पाणी निघून गेल्यावरच ते उघड होते. योगदर्शनात संस्कारांविषयी जे सांगितले जाते ते याच्या बरेच जवळ जाते: वृत्ती शांत झाल्या म्हणजे बीज गेले असे नाही. आत्मबोधाची उपमा अज्ञानाला गाळासारखे मानते. योग त्याला विरघळलेल्या क्षारासारखे मानतो, आणि वर्ध्याच्या बोअरचे पाणी योगाच्या बाजूने साक्ष देते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये शौच येते. त्यावर बोलताना ज्ञानेश्वरांनी कापराची उपमा वापरली आहे. त्यांचा रोख आतबाहेर सारख्या निर्मळपणावर आहे. पण कापूर जळून काहीच मागे ठेवत नाही हेही वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही. पाणी असे नाही. तीर्थाचे पाणी पवित्र मानणारी श्रद्धा पाण्याच्या स्पर्शाला महत्त्व देते. गाडीच्या पत्र्यावर मात्र पाण्याचा स्पर्श पुरत नाही, ते वेळेत काढूनही घ्यावे लागते. धुण्याची क्रिया पुसण्याने पुरी होते. एवढे कळले की डाग टाळण्याच्या बहुतेक युक्त्या आपोआप सुचतात.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तापलेल्या पत्र्यावरचा थेंब पुसायलाही सवड देत नाही. म्हणून गाडी सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. टपापासून खाली एकेक भाग धुऊन लगेच पुसावा. साबण अंगावर वाळू देऊ नये. शेवटचे पाणी फवारून न मारता सावकाश, एकसंध धारेने सोडले तर ते थेंबांत न फुटता पडद्यासारखे ओघळते आणि पुसायला थोडेच उरते. मग मऊ मायक्रोफायबरचे फडके टिपत न्यावे, रगडू नये. शेवटची अर्धी बादली पावसाच्या पाण्याची किंवा एसीतून ठिबकलेल्या पाण्याची असेल तर सर्वांत बरे, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. बसलेला ताजा डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतो, मागाहून तो भाग धुवावा. जुन्या डागातली सिलिका मात्र व्हिनेगरला दाद देत नाही.

घरोघरी आरओच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीसाठी साठवतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. चिखल काढायला ते वापरावे. शेवटच्या धुण्याला नाही.

याच जिल्ह्यात १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्याआधी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी अस्तेयाचा अर्थ पुष्कळ ताणला होता: गरजेपेक्षा जास्त घेणे हीही चोरीच. या कसोटीवर नळी मोकळी सोडून गाडी धुणे टिकत नाही. गाडी चकचकीत हवी, ही गरज की हौस, हा प्रश्नही आश्रमाच्या बाजूने आधी विचारला जाईल, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. तरी गांधीजींच्याच विश्वस्तवृत्तीचे म्हणणेही इथे लागू पडते: वस्तू हाती आहे तर ती सांभाळावी. उन्हात तापून रुतलेले क्षार रंगावरचा पारदर्शक थर खातात, तेव्हा डाग टाळणे म्हणजे केवळ नटणे नव्हे. विशेष हे की दोन्ही बाजूंचे उत्तर एकाच जागी येते. जितके कमी पाणी पत्र्यावर उरेल तितका डाग कमी. दोन बादल्या आणि एक फडके यांत काम नीट होते, वाहत्या नळीने ते बिघडते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर गाड्या धुतल्या जातात आणि सणाला झेंडूच्या माळा चढतात. पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुण्याची रीत याहून जुनी. बैलाच्या अंगावर पाण्याचे डाग कोणी पाहिले नाहीत. क्षार तिथेही राहत असणारच, पण केसाळ कातडीवर ते दिसत नाहीत. डाग दिसायला आरशासारखा पत्रा लागतो.

राहता राहिले फडके. पुसलेले सगळे पाणी त्यातच जाते, आणि ते बोअरच्या पाण्यात धुऊन वाळवले की ताठ, खरखरीत होते. पुढच्या वेळी तेच पत्र्यावर चरे पाडते. म्हणून फडके शेवटी पावसाच्या किंवा एसीच्या पाण्यात खळबळून काढतात आणि सावलीत वाळत घालतात.