दुर्वासांची तक्रार रास्त होती

बँकेच्या शाखेत, वीजबिल भरणा केंद्रात किंवा एखाद्या जुन्या दुकानाच्या गल्ल्यामागे गांधीजींची तसबीर असते आणि तिच्याखाली ग्राहकाचे माहात्म्य सांगणारा चार-सहा ओळींचा मजकूर. १८९० साली दक्षिण आफ्रिकेत केलेल्या भाषणातला म्हणून तो पुष्कळदा दिला जातो. त्या वर्षी गांधी लंडनमध्ये कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले १८९३ साली. मजकूर कुणाचाही असो, भिंतीवर तो टिकला, कारण दारी आलेल्याला देव मानणे इथल्या कानांना नवे नाही.

पण तैत्तिरीय उपनिषदात हा उपदेश कुणाला आहे? शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला, म्हणजे उद्याच्या यजमानाला. पाहुण्याने ओटीवर बसून आपल्या देवपणाची आठवण करून द्यावी, असे गुरू कुठेही सांगत नाही. जपानमध्येही अशीच गल्लत झाली. हारुओ मिनामी हा लोकप्रिय गायक श्रोत्यांना देव म्हणे. देवापुढे उभे राहावे तसे निर्मळ मनाने रंगमंचावर यावे, एवढाच त्याचा भाव होता. ते वाक्य दुकानांत शिरले आणि काउंटरवर हात आपटणाऱ्यांनी ते आपलेसे केले.

रागावलेल्या पाहुण्याचा मूळपुरुष मात्र इथलाच. भागवताच्या नवव्या स्कंधात दुर्वास राजा अंबरीषाकडे येतात. भोजनाचे आमंत्रण स्वीकारून यमुनेवर स्नानाला जातात आणि तिथेच रमतात. इकडे द्वादशी संपत आलेली. पारणे टळले तर वर्षभराचे व्रत वाया जाणार आणि अतिथीआधी जेवावे तर अधर्म. ब्राह्मणांना विचारून राजा नुसते पाणी पितो, कारण ते जेवल्यासारखेही असते आणि न जेवल्यासारखेही. परतलेल्या दुर्वासांना हे कळते. ते जटा उपटून कृत्या नावाची राक्षसी निर्माण करतात आणि राजावर सोडतात.

गंमत अशी की दुर्वासांची तक्रार रास्त होती. नियम त्यांच्या बाजूने होता. पण समोरचा माणूस दोन नियमांच्या कात्रीत सापडलाय का, हे विचारायला त्यांना क्षणभराचीही उसंत नव्हती. पुढची कथा तर आजच्या कुठल्याही ग्राहकाने वाचावी अशी आहे. राजाचे रक्षण करणारे सुदर्शनचक्र दुर्वासांच्या पाठीस लागते, ऋषी ब्रह्मदेवाकडे धावतात, मग शंकराकडे, मग विष्णूकडे. वरिष्ठांपैकी प्रत्येक जण असमर्थता कळवतो आणि शेवटी विष्णू त्यांना परत पाठवतो, तेही ज्याच्यावर आग पाखडली त्याच राजाकडे. तो वर्षभर पाण्यावर राहून त्यांच्या जेवणासाठी थांबलेला असतो.

१४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीहून गोव्याला जाणारे विमान धुक्यामुळे कित्येक तास रखडले होते. आणखी उशीर होणार असे सांगायला सहवैमानिक उभा राहिला, तेव्हा मागून धावत आलेल्या एका प्रवाशाने त्याला ठोसा मारला. आधीच्या वैमानिकांचे कामाचे तास भरल्यामुळे हा नव्याने आला होता, म्हणजे उशीर संपवायला आलेल्या माणसालाच मार बसला. त्याच रात्री गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान मुंबईला वळवावे लागले आणि कंटाळलेले प्रवासी विमानतळावर धावपट्टीजवळच बसून जेवले. त्या गैरव्यवस्थेबद्दल नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने विमान कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड केला. दोष असा नेमक्या पत्त्यावर पोहोचू शकतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याच्या हातात काहीही नाही अशाच पोराला कंपनी खिडकीत बसवते, ती लोकांचा राग त्याच्यावर निघावा म्हणूनच. मग त्याच्याशी गोड बोलणे म्हणजे कंपनीचेच काम सोपे करणे नव्हे का? नव्हे. त्याच्यावर ओरडले की कंपनीचा बेत तडीस जातो. राग जिरतो आणि कागदावर काहीच उरत नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाच्या एकट्यादुकट्या चडफडीला संघटनेची वाट मिळाली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ साली नवा आला. आज पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात विनाशुल्क करता येते आणि १९१५ या क्रमांकावर फोनही करता येतो. तक्रार चांगली उभी राहायला तारीख, वेळ, पावती लागते. आणि ही माहिती बहुतेकदा खिडकीतलाच माणूस देतो, त्याला द्यावीशी वाटली तर.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. गोदेचे स्नान करून येताना अंगावर कुणी थुंकावे, नाथांनी पुन्हा स्नानाला जावे, असे कितीतरी वेळा. कॉल सेंटरच्या प्रशिक्षणात शोभेल अशी ही कथा, आणि तिथेच ती खटकते. शांतीचा सगळा भार ज्याच्या अंगावर थुंकी पडते त्याच्यावर. कीर्तनात ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला नाथांच्या जागी बसवतो. माडीवरून थुंकणाऱ्याच्या जागी कुणीच बसत नाही. हप्ता चुकून दोनदा कापला गेल्यावर फोन उचलणारा माणूस मात्र त्या क्षणी नदीकडून येत असतो.

विमानात निदान नियम आहेत. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, मारहाणीला सहा महिन्यांपर्यंत प्रवासबंदी, अशी उतरंड २०१७ पासून लागू आहे. टोकियोने १ एप्रिल २०२५ पासून सगळ्याच ग्राहकांसाठी अध्यादेश आणला. कर्मचाऱ्यांचा छळ करू नये, आपल्या वागण्याबोलण्याचे भान ठेवावे, असे तो सांगतो आणि रास्त तक्रारीचा हक्कही शाबूत ठेवतो. मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे मात्र त्यात नाही. ती ठेवलेलीच नाही.