पेच कुठे आवळतो?

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. दहावीला आलात, मार्कंड्याच्या मातीत वाढलात, आणि निबंधात हे काय लिहिलंत? 'मंदिराच्या जीर्णोद्धाराने टॉप गिअर टाकला.' निम्म्या वर्गाने एकमेकांचं पाहून उतरवलेलं दिसतं!

टॉप गिअर पडतो चालत्या गाडीला. आधी पहिला, मग दुसरा, मग तिसरा. आपल्या मार्कंडेश्वराच्या शिखराचे दगड दुरुस्तीसाठी उतरवले आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. दर महाशिवरात्रीच्या जत्रेत जाता ना? डोळे मिटून जाता? कनिंगहॅम हा परक्या देशाचा पुरातत्त्वज्ञ; 1870 च्या दशकात तो इथे आला, मंदिरं पाहिली आणि मगच लिहिलं. तुम्ही इथले, आणि न पाहता लिहिता. रखडलेल्या कामाला तुम्ही कागदावर पळवलंत. याला मी खोटं बोलणं म्हणतो.

दुसरं वाक्य, 'वैनगंगेच्या पुराने पेच आवळला.' काहून रे? पेच कसा आवळतो, हे सायकलच्या दुकानात उभं राहून तरी पाहायचं. एक फेरा दिला की तो एक आटा पुढे सरकतो आणि तिथेच घट्ट बसतो. हात काढला तरी मागे येत नाही; सोडवायला कुणाला तरी तो मुद्दाम उलटा फिरवावा लागतो. पूर असा वागतो का? ऑगस्ट 2020 च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे 33ही दरवाजे उघडले, तेव्हा नदीकाठची गावं पाण्यात गेली. दरवाजे टप्प्याटप्प्याने उचलतात, हे खरं. पण पाणी चढतं ते सलग, आणि आपलं आपण ओसरतं. 'चढलं', 'ओसरलं' हे शब्द तुमच्या आजीला येतात, तुम्हाला ते का लाजिरवाणे वाटतात?

आता जिथे पेच खरोखर आवळला, तिथे तुमची लेखणी मुकी! एसटीचं भाडं पाहा. ऑक्टोबर 2021 मध्ये सतरा टक्क्यांहून जास्त वाढलं. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा जवळपास पंधरा टक्के. दोन्ही वेळा चढलं ते तिथेच बसलं. चामोर्शीला बाजाराला जाणाऱ्या बापाच्या खिशाला विचारा, प्रत्येक फेरा कसा रुततो ते. मार्च 2023 पासून आईला अर्धं तिकीट झालं, तेव्हा सरकारने निर्णय घेऊन तो पेच सैल केला. आपोआप झाला नाही. इथे 'आवळणे' हे क्रियापद अक्षरशः खरं ठरतं, आणि नेमकं इथेच तुम्ही 'महागाई खूप वाढली आहे' असं बेचव लिहून मोकळे झालात.

मला भारी शब्द नकोत. ज्या यंत्राचं क्रियापद उचलाल, ते यंत्र कसं चालतं ते आधी सांगता आलं पाहिजे. उद्या सकाळी प्रार्थनेआधी निबंध पुन्हा लिहून माझ्या टेबलावर पाहिजे. आणि ज्याने गिअर लिहिला, त्याने आज संध्याकाळी मंदिरात जाऊन शिखराकडे बघून यायचं. मग लिहायला बसायचं.