आधी पाहुणे, मग सेवक

(शुभवर्तमान : लूक १०:१-९)



मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एक तरुणी शिफारसपत्र मागायला आली. शिक्षण संपले आहे, नोकरीआधी सहा महिने टांझानियातील एका खेड्यात मुलांना शिकवायला जायचे आहे, असे ती म्हणाली. मला आनंद झाला. मी सहज विचारले, "तिथली भाषा येते का?" ती म्हणाली, "फादर, मी तर इंग्रजीच शिकवणार!"

पत्र मी दिले. पण ते उत्तर मनात राहिले. सहा महिन्यांनी शिक्षिका परत येते, मुले मात्र तिथेच राहतात. त्यांचे घर, त्यांची भाषा जाणून न घेता आपण त्यांना काय देणार?

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. पुढचा क्रम नीट पाहा. घरात शिरताना प्रथम शांतीचा आशीर्वाद. मग त्या घरचे लोक जे वाढतील ते खाणे. आणि त्यानंतर आजाऱ्यांना बरे करणे. जेवण आधी, सेवा नंतर! जो दुसऱ्याच्या हातचे घेत नाही, त्याचे देणे उपकार ठरते, प्रेम नव्हे.

टांझानियात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली करतात. हातावर पाणी घेऊन, एका ताटाभोवती बसून ती उजव्या हाताने खातात. स्वाहिली भाषेत 'करिबू' म्हणजे 'या'. जेवणाच्या वेळी कोणी आले, तर त्यालाही 'करिबू' म्हणतात. आपल्या आजीचे 'या जेवायला' याहून वेगळे होते का?

आपण स्वतः अशाच एका परदेशी पाहुण्याचे ऋणी आहोत. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. ते इथली भाषा शिकले. लोकांना पुराण ऐकण्याची गोडी आहे हे त्यांनी ओळखले आणि १६१६ साली मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. आधी ते इथल्या ताटात जेवले, मग त्याच ताटात त्यांनी शुभवर्तमान वाढले.

परदेशी जाणे सर्वांना जमणार नाही. पण सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामासाठी आपण गरिबाच्या घरी जातो, धान्य देतो आणि उभ्याउभ्याच निघतो. तो संकोचाने चहा पुढे करतो. "नको, घाई आहे," असे आपण म्हणतो. यापुढे बसा. तो चहा घ्या. त्याच्या मुलाबाळांची चौकशी करा. त्या कपाने त्याचा मान राहतो.

ती मुलगी परवा पुन्हा आली. दारातूनच म्हणाली, "फादर, करिबू!" मी म्हटले, "पोरी, आता तू जायला तयार झालीस."

प्रभू, आम्हाला मोकळ्या हातांनी पाठव आणि दुसऱ्याच्या दारी पाहुणे व्हायला शिकव. आमेन.