मिस्त्री कोणाचा?

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात केनवड हे माझं गाव. नोकरी पुण्यात, पण आई-बाबांना गावातच राहायचं होतं, म्हणून गावठाणातलं एक जुनं घर बघितलं. विकणाऱ्या काकू ओळखीच्या. दलाल म्हणाला, "घर तपासायला माझा माणूस आहे. त्याला एक रुपया द्यायचा नाही."

फुकट म्हटल्यावर आधी बरं वाटलं. मग प्रश्न पडला, त्याला पैसे कोण देतं? दलालाला पैसे सौदा झाला तरच मिळणार. तो माणूस वाईट असेलच असं नाही. पण ज्याचं पोट 'हो'वर चालतं, त्याच्या तोंडून 'नाही' निघायला फार मोठं मन लागतं. आयुष्यभराची बचत दुसऱ्याच्या मोठ्या मनाच्या भरवशावर टाकावी का?

कागद वकिलाने पाहिले होते. पण नमुना ८ वरून घरपट्टी कळते, पाया कळत नाही. आणि आमच्याकडे खरा प्रश्न पायाचाच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. पाया खाली मुरमापर्यंत गेला नसेल तर घर मातीबरोबर दरवर्षी वर-खाली होतं.

मी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. उंबऱ्याबाहेरच ते थांबले. "बाबू, आधी सांगतो. यातली मागची खोली मीच बांधली हाये. चालत असंल तर पाह्यतो. घर घे नाहीतर सोड, माझे पाचशे. अन् दुरुस्तीचं काम मी घेणार नाही."

तिथेच माझा विश्वास बसला. त्यांचं हितसंबंधाचं नातं होतंच, पण ते त्यांनी मी न विचारता उघडं केलं होतं.

मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेला होता. वर पुट्टी, त्यावर ताजा रंग. भिंतीवर बोटं वाजवत ते म्हणाले, "पाया मुरमाले लागला नाही. तवा पैसे संपले होते." मग छताकडे बघून, "वर चढलो नाही. त्याचं मले काही विचारू नको."

काकू दारातच होत्या. म्हणाल्या, "कोणी विचारलंच नाही रे."

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने कर्तव्यांवरच्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच उदाहरण घेतलं. घराचे दोष फक्त मालकाला माहीत आहेत. त्याने ते सांगावेत का? डायोजिनीस म्हणतो, घ्यायची सक्ती कोणी केली? अँटिपेटर म्हणतो, गप्प राहणं म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही कलम ५५ मध्ये म्हणतो, की विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. रेरा कायद्यात बिल्डरवर बांधकामातल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी आहे, पण गावातल्या अशा जुन्या घराला तो लागत नाही. इथे उरतात काकू, मी आणि मिस्त्री.

पण काकूंना पैसे दवाखान्यासाठी हवे होते. खरं बोलल्याचा तोटा त्यांना, फायदा पुण्यात पगार घेणाऱ्या मला. दलाल कानात म्हणाला, "आता निम्म्यात मागा."

मिस्त्रींनी ते ऐकलं. "दुरुस्तीले जेवढे लागतीन, तेवढेच कमी कर. माझ्या शब्दावर त्याहून जास्त कमी करशील, तर मी तुले काही सांगितलंच नाही असं समज."

तोवर मी विश्वासू माणूस शोधत होतो. पैसे कोण देतं, सौदा मोडला तर त्याचं काय बुडतं, जे पाहिलं नाही ते 'पाहिलं नाही' म्हणतो का, हे सगळं तपासत होतो. माझ्या हातात आलेलं सत्य मी कसं वापरणार, हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी विचारलं.

दुसऱ्या एका गवंड्याकडून दुरुस्तीचा अंदाज घेतला. तेवढीच रक्कम वजा केली. छत बघायला शिडी मी स्वतः आणली.