आधी नीट पाहावं

लॉरेल आणि हार्डी या विनोदी जोडीचे जुने मूकपट तुम्ही पाहिले असतील. स्टॅन लॉरेलचे डोळे फिकट निळे होते. त्या काळच्या फिल्मवर ते पांढरेफटक दिसत, जणू बुबुळंच नाहीत. जॉर्ज स्टीव्हन्स या तरुण कॅमेरामनने सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरली. डोळे दिसले, त्यांतला भाबडेपणा दिसला. मग माणूस आवडू लागला.

आधी नीट पाहावं. मग हसावं.

स्टीव्हन्स पुढे हॉलिवूडमध्ये विनोदी चित्रपटांचे मोठे दिग्दर्शक झाले. १९४३ चा ‘द मोअर द मेरियर’ त्यांचाच. त्यात हसू आहे, पण कुणाची हेटाळणी नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण कुणाच्या बोलण्याला हसतो, कुणाच्या चपलांना हसतो. त्याच्या डोळ्यांकडे आपण पाहिलेलं असतं का? मंडळी, आधी नीट पाहावं.

दुसऱ्या महायुद्धात स्टीव्हन्स सैन्याबरोबर युरोपात गेले. नाझींच्या डाखाऊ छळछावणीसमोरही त्यांनी नजर वळवली नाही, कॅमेरा चालू ठेवला. त्यांच्या पथकाचं चित्रण नाझी नेत्यांवरच्या न्युरेम्बर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवलं गेलं.